उंबरठ्यावरचे खेळाडू

जून २०१८. बंगळुरूला अफगाणिस्तान आपली पहिलीवहिली कसोटी खेळणार होता आणि त्या सामन्यासाठी भारताने निवडलेला मोहम्मद शमी यो-यो या धावण्याच्या तंदुरुस्ती-चाचणीत अडकला. त्याच्या जागी नवदीप सैनीला बोलावणे गेले. त्याच सुमारास अंबाती रायुडूचे इंग्लंड दौऱ्यावरच्या एकदिवसीय संघातले आणि संजू सॅमसनचे भारत ‘अ’ संघातले स्थान याच चाचणीपायी गेले. शमी पुढे चाचणीत उत्तीर्ण झाला. इंग्लंडमध्ये पाच कसोटींत त्याने १६ बळी घेतले आणि २०२३च्या विश्वचषकात सात सामन्यांत २४ बळी घेऊन तो स्पर्धेतला सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. कुणी म्हणेल, चाचणीने एवढ्या मोठ्या गोलंदाजाला घरी बसवले होते. कुणी म्हणेल, चाचणीने वेळीच जागे केले म्हणून पुढचे बळी मिळाले. एका खेळाडूच्या गोष्टीवरून यातले काहीच सिद्ध होत नाही. म्हणूनच शंभरांच्या, हजारांच्या संख्येने खेळाडू तपासून संशोधकांना काय आढळले, हे पाहावे लागते.

सांघिक खेळांत आज दोन प्रकारची मोजमापे सर्रास चालतात. एक, खेळाडू किती वेगाने, किती उंच, किती वेळ, याची कामगिरी-चाचणी. दुसरी, तो वाकतो, बसतो, उडी मारून उतरतो तेव्हा शरीर कसे वागते, याची हालचाल-तपासणी. दोन्हींचा उगम वेगळा आहे आणि दोन्हींवरचे आक्षेपही वेगळे आहेत. मैदानावर मात्र त्या एकाच सकाळी, एकाच कागदावर उरकल्या जातात. बराचसा गोंधळ तिथेच सुरू होतो.

शिट्टी, शंकू आणि वीस मीटर

कामगिरी मोजण्याची हौस जुनी आहे. तालमीत जोर-बैठकांची गिनती व्हायचीच. तिला प्रमाणित रूप मिळाले ते एका साध्या कल्पनेतून. कॅनडातील ल्यूक लेजे आणि लॅम्बर्ट यांनी १९८२ मध्ये वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये ‘बीप’च्या तालावर धावण्याची चाचणी मांडली. वेग हळूहळू वाढत जातो आणि खेळाडू मागे पडला की थांबतो. प्रयोगशाळा नको, श्वास मोजणारा मुखवटा नको, एका मैदानात वीस जणांची दमछाक एकदम मोजता येते.

पण फुटबॉल किंवा हॉकीत कुणी सलग धावत नाही. झेप, थांबा, वळण, पुन्हा झेप असा तो खेळ असतो. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांनी हे ओळखून यो-यो चाचणी रचली. वीस मीटर जायचे, वीस मीटर परत यायचे, मग दहा सेकंद पाच मीटरच्या पट्ट्यात सावकाश फिरून दम घ्यायचा, आणि पुन्हा. दोनदा वेळ चुकली की चाचणी संपली. २००३ मध्ये पीटर क्रुस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या चाचणीत जास्त अंतर कापणारे फुटबॉलपटू प्रत्यक्ष सामन्यातही जास्त वेळ जोरकस धावतात. चाचणीची प्रतिष्ठा या संबंधावर उभी आहे, आणि हा संबंध फुटबॉलमधला आहे, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवायला हवी.

त्याखेरीज दहा, वीस, तीस मीटरची धाव, उभ्या जागेवरून उंच उडी, दिशा बदलण्याच्या चाचण्या, हे सगळे आता नेहमीचे झाले आहे. आपल्याकडे क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीतही अशा मैदानी चाचण्या असतात. खेलो इंडियाच्या शालेय मूल्यमापनात ५० मीटर आणि ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि जोरांचे व्यायाम मोजले जातात.

सात हालचाली

हालचाल-तपासणीचे मूळ दुखापतीच्या चिंतेत आहे. नेदरलँड्सचे विलेम व्हान मेखेलेन यांनी १९९२ मध्ये दुखापत रोखण्याचा क्रम सांगितला: आधी दुखापती मोजा, मग कारणे शोधा, मग उपाय करा, मग पुन्हा मोजा. कारणांच्या शोधात अनेकांची नजर खेळाडूच्या हालचालीकडे वळली. अमेरिकेत ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी नव्वदच्या दशकात ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ तयार केली आणि २००६ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्यात सात हालचाली असतात. डोक्यावर काठी धरून पूर्ण खाली बसणे, अडथळ्यावरून पाऊल टाकणे, एका रेषेत पाय ठेवून गुडघा टेकवणे, पाठीमागे दोन्ही हात जवळ आणणे, उताणे पडून सरळ पाय उचलणे, जोर, आणि शेवटी हाता-पायांवर राहून तोल सांभाळणे. प्रत्येक हालचालीला शून्य ते तीन गुण. दुखले तर शून्य. एकूण २१.

या तपासणीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. काठी, दोरी आणि पंधरा मिनिटे पुरतात. उकिडवे बसण्याची सवय असलेल्या आपल्या खेड्यातल्या मुलाला पहिली हालचाल सहज जमेल आणि खुर्चीवर वाढलेल्या मुलाची टाच उचलली जाईल, हे कुणाही प्रशिक्षकाला डोळ्यांनी दिसते. दिसणाऱ्या गोष्टीला गुण मिळाले की तिच्यावर विश्वास बसतो.

चौदाचा आकडा

२००७ मध्ये काइल कीसेल, फिल प्लिस्की आणि मायकेल व्हॉइट यांनी अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातील ४६ खेळाडूंचा अभ्यास छापला. हंगामाआधी चौदा किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता कितीतरी जास्त निघाली. तिथून ‘चौदा’ हा आकडा जगभर फिरला. हॉस्टेलच्या व्यायामशाळेपासून लष्करी छावणीपर्यंत तो उंबरठा बनला.

त्या अभ्यासाचे स्वतःचे आकडे नीट वाचले तर चित्र जास्त गुंतागुंतीचे दिसते. दुखापत झालेल्यांपैकी ५४ टक्के चौदावर किंवा त्याखाली होते आणि दुखापत न झालेल्यांपैकी ९१ टक्के वर. दुखापतीची आधीची शक्यता अभ्यासाने धरली होती साधारण १५ टक्के. हे शंभर खेळाडूंवर पसरून पाहू. पंधरा जणांना दुखापत होणार, त्यातले आठ तपासणीत सापडतील, सात सुटतील. उरलेल्या ८५ धडधाकट खेळाडूंपैकी आठ जणांवरही उगाच लाल खूण पडेल. म्हणजे लाल खूण असलेल्या सोळांपैकी निम्मे हंगामभर नीट खेळतील, आणि ज्यांना हिरवी खूण देऊन सोडले त्यांच्यातले सात जण जायबंदी होतील. संपूर्ण संघाकडे पाहणाऱ्या संशोधकासाठी हा संबंध ठळक आहे. समोर उभ्या असलेल्या एका मुलीला काय सांगायचे, यासाठी तो नाणेफेकीइतकाच उपयोगी आहे. आणि हा अनुकूल निकाल देणारा अभ्यास आहे.

पुढच्या दहा वर्षांत वेगवेगळ्या खेळांतले अभ्यास जमा झाले. २०१७ मध्ये दोन संकलने आली. एकात कमी गुणवाल्यांना दुखापतीची शक्यता अडीच-पावणेतीन पट आढळली आणि दोन तपासनीसांच्या गुणांत चांगला मेळ असल्याचेही दिसले. दुसऱ्याचा निष्कर्ष असा की एकूण गुण आणि दुखापत यांतला संबंध इतका कमकुवत आहे की भाकितासाठी त्याचा वापर समर्थनीय नाही. आणखी एक अडचण अग्निशमन जवानांवरच्या अभ्यासातून पुढे आली. गुण कशावर दिले जातात हे सांगितल्यावर त्याच माणसांचे गुण लगेच वाढले. स्नायू तेवढ्यात बदलले नव्हते, फक्त परीक्षेची पद्धत कळली होती. मग तपासणी शरीरातली उणीव मोजते की सूचना समजल्याचे प्रमाण?

तपासणीच्या कर्त्यांचे म्हणणेही नोंदवायला हवे. त्यांच्या मते एकूण गुणांची बेरीज हा मुद्दाच नाही. वेदना कुठे आहे, डाव्या-उजव्या बाजूंत फरक किती, कोणती मूलभूत हालचाल अडते, हे पाहून व्यायामाचा अग्रक्रम ठरवण्यासाठी हे साधन आहे. ही भूमिका सयुक्तिक आहे. मात्र बाजारात आणि मैदानात ‘चौदा’च विकला गेला, हेही खरे.

गुडघा, मांडी आणि ‘कधीच चालणार नाही’

एकाच तपासणीची ही कहाणी असती तर वाद एवढा पसरला नसता. २००५ मध्ये टिमथी ह्युएट आणि सहकाऱ्यांनी २०५ किशोरवयीन मुलींच्या उडी मारून उतरण्याचा अभ्यास केला. त्यांतल्या नऊ जणींचा गुडघ्यातला एसीएल अस्थिबंध पुढे तुटला, आणि उतरताना त्यांचे गुडघे आत झुकण्याचा जोर इतरांपेक्षा जास्त होता. निष्कर्ष महत्त्वाचा होता आणि त्यातून मुलींसाठी उडी-उतरणीचे प्रशिक्षण रुजले, हे मोठे काम झाले. पण नॉर्वेत ट्रॉन क्रोसहॉग यांच्या गटाने सातशेहून अधिक अव्वल हँडबॉल आणि फुटबॉल खेळाडू मुलींवर तीच उडी वापरून पाहिली, तेव्हा पुढे कुणाचा गुडघा जाईल हे तिला ओळखता आले नाही.

मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचेही तसेच झाले. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक फुटबॉलपटूंत ३३७ न्यूटनपेक्षा कमी ताकद आणि १०.५६ सेंटिमीटरपेक्षा आखूड स्नायूतंतू असणाऱ्यांना धोका जास्त, असे २०१६ मध्ये निघाले. दशांशापर्यंत नेमका उंबरठा. कतारमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंवर निकोल व्हान डाइक यांनी याच पद्धतीने ताकद मोजली तेव्हा तिचा दुखापतीशी संबंध दिसला नाही. एका गटाचा उंबरठा दुसऱ्या गटाच्या दारात बसत नाही, हा अनुभव या क्षेत्रात वारंवार येतो.

२०१६ मध्येच ओस्लोचे रोआल्ड बार यांनी या साऱ्याचा चिकित्सक आढावा घेतला. दुखापतीचे भाकीत करणाऱ्या तपासण्या चालत नाहीत आणि बहुधा कधीच चालणार नाहीत, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. दुखापत होणाऱ्या आणि न होणाऱ्या खेळाडूंचे आकडे एकमेकांवर इतके पसरलेले असतात की कुठेही रेघ मारली तरी दोन्हीकडे चुका होतात. एखादी तपासणी खरी ठरण्यासाठी तीन पायऱ्या हव्यात: एका गटात संबंध दिसणे, दुसऱ्या स्वतंत्र गटात तोच उंबरठा टिकणे, आणि तपासून उपाय केलेल्यांना न तपासलेल्यांपेक्षा कमी दुखापती होणे. तिसरी पायरी पार केलेली एकही तपासणी त्यांना सापडली नाही.

सगळ्यांना औषध की निवडकांना?

मग करायचे काय? बार यांच्या बाजूचे लोक म्हणतात, सगळ्या संघाला प्रतिबंधक व्यायाम द्या. याला भक्कम आधार आहे. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे दाबून धरल्यावर हळूहळू पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम डेन्मार्कमधील ५० फुटबॉल संघांत करून पाहिला गेला. व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. ‘फिफा ११+’ हा वीस मिनिटांचा सराव नॉर्वेतील मुलींच्या क्लबांत वापरला तेव्हा एकूण दुखापतींत जवळपास एक तृतीयांश घट झाली. यापैकी कुठेही आधी कुणाला निवडून काढावे लागले नव्हते.

दुसरी बाजू याच जागी एक व्यवहारी प्रश्न विचारते. सगळ्यांना सांगितलेले सगळे करतात का? युरोपातील चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या अव्वल क्लबांची २०१५ मध्ये पाहणी झाली तेव्हा नॉर्डिक व्यायाम पूर्णपणे अमलात आणल्याचे दर दहांत जेमतेम एका क्लब-हंगामात आढळले. ‘तुझ्या डाव्या पायात ताकद कमी आहे’ असे स्वतःचे नाव जोडलेले वाक्य ऐकले की खेळाडू व्यायाम करतो, हा फिजिओंचा अनुभव. शिवाय तपासणीत आजची वेदना सापडते, जुनी लपवलेली दुखापत बाहेर येते, आणि उद्या गुडघा फिरला तर तुलनेसाठी निरोगी अवस्थेतले मोजमाप हाताशी राहते. हे तिन्ही फायदे भाकितावर अवलंबून नाहीत. मला या वादातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दोन्ही पक्ष इथे एकमेकांच्या फार जवळ येतात.

तिसरा विचार असा की दुखापत एका दुबळ्या सांध्यातून उगवत नाही. झोप, सामन्यांची गर्दी, मैदान, वय, मागची दुखापत, मनावरचा ताण यांचे जाळे असते आणि ते रोज बदलते. हंगामाच्या सुरुवातीची एक तपासणी त्या जाळ्याचे एका दिवसाचे छायाचित्र काढते. यावर उतारा म्हणून संगणकी प्रारूपे आली. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंवर अशा प्रारूपांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींचे भाकीत करून पाहिले. एका हंगामाच्या माहितीवर शिकलेले प्रारूप दुसऱ्या हंगामात भरवशाचे ठरले नाही.

निवडीचा दरवाजा

क्रिकेटमधला वाद या साऱ्यापेक्षा निराळा आहे, कारण तिथे प्रश्न दुखापतीचा कमी आणि निवडीचा जास्त आहे. भारतीय संघात २०१७च्या सुमारास यो-योचा किमान गुण १६.१ होता. म्हणजे ११२० मीटर. अव्वल फुटबॉलपटू याच चाचणीत दोन हजार मीटरच्या पुढे जातात, तेव्हा अट अवाजवी होती असे म्हणता येत नाही. २०२१ मध्ये दोन किलोमीटर धाव आली: वेगवान गोलंदाजांना आठ मिनिटे पंधरा सेकंद, बाकीच्यांना साडेआठ मिनिटे. जानेवारी २०२३ मध्ये यो-यो आणि हाडे-स्नायू-चरबीचे प्रमाण मोजणारी डेक्सा तपासणी निवडीच्या निकषांत धरण्याचे भारतीय क्रिकेट मंडळाने जाहीर केले. २०२५ मध्ये रग्बीतल्या ब्रॉन्को चाचणीच्या बातम्या आल्या: वीस, चाळीस आणि साठ मीटरच्या फेऱ्या, न थांबता, एकूण १२०० मीटर.

समर्थक सांगतात की एक किमान रेषा असली की संघाची शिस्त बदलते, शेवटच्या षटकांतले क्षेत्ररक्षण सुधारते. गेल्या दशकातले भारतीय क्षेत्ररक्षण पाहणाऱ्याला हे पटते. सुनील गावसकरांसह अनेकांचा आक्षेप असा की क्रिकेटपटूची तंदुरुस्ती धावा आणि बळी यांतून, दिवसभर मैदानात उभे राहण्यातून दिसते. सर्फराज खान मुंबईकडून रणजीत ढिगाने धावा करत असताना त्याच्या अंगकाठीची चर्चा झाली तेव्हा गावसकरांनी हे स्पष्ट बोलून दाखवले.

मोजमापशास्त्राची बाजू या दोघांच्या मधली आहे. कोणत्याही चाचणीत एकाच खेळाडूचा निकाल दिवसागणिक थोडा हलतो. उन्हाचा तडाखा, आदल्या रात्रीचा प्रवास, घसरडे गवत, हाताने दाबलेले घड्याळ यांनी फरक पडतो. यो-योत १६.१ आणि त्याआधीचा टप्पा यांत एका फेरीचे, म्हणजे चाळीस मीटरचे अंतर असते. एवढ्या फरकावर निवड अडली तर ती चाचणीच्या मोजमाप-त्रुटीच्या मर्यादेतच अडलेली असू शकते. शिवाय यष्टिरक्षक, फिरकी गोलंदाज आणि वेगवान गोलंदाज यांच्या शरीरावरचा भार सारखा नाही. वेगवान गोलंदाजाची पाठ यो-यो मोजत नाही. जसप्रीत बुमराहला पाठीच्या दुखण्याने २०२२च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकाला मुकावे लागले आणि मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रेलियात तरुण वेगवान गोलंदाजांच्या कण्याचे एमआरआय हंगामभर ठरावीक अंतराने काढून पाहिले, तेव्हा हाडातली सूज ताण-दुखापतीच्या निदानाच्या आधीच दिसू लागते असे आढळले. भाकिताच्या दृष्टीने इथे काही हाती लागण्याची शक्यता वाटते, कारण ती चाचणी हालचालीवरून अटकळ बांधत नाही, सुरू झालेले नुकसानच पाहते.

परतीची चाचणी

चाचण्यांच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतणाऱ्यांबाबत आहे. एसीएलच्या रुग्णांवरच्या नॉर्वे-अमेरिकेतील पाहणीत, नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले तितका पुन्हा दुखापतीचा दर प्रत्येक महिन्याला सुमारे निम्म्याने घटला. कतारमध्ये १५८ खेळाडूंत, ठरवलेले सहा निकष पूर्ण न करता परतलेल्यांचा नवा अस्थिबंध तुटण्याचा धोका चौपट निघाला. नंतरच्या संकलनांत चित्र इतके सरळ राहिले नाही, आणि दोन पायांची तुलना करताना निरोगी पायही महिनोन्‌महिने बसून अशक्त झालेला असतो, ही अडचण आहेच. तरीही केवळ सहा महिने झाले म्हणून सोडण्यापेक्षा मोजून सोडणे बरे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

आपल्या मातीतले प्रश्न

वर आलेले बहुतेक पुरावे फुटबॉल, हँडबॉल आणि अमेरिकन फुटबॉलचे. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची असते, कोपरारक्षक घोटा धरतो तेव्हा चढाईपटूचा गुडघा पिळला जातो, आणि हा जोर समोरच्याने लावलेला असतो. काठी डोक्यावर धरून बसताना तो दिसणार नाही. खो-खोतला खेळाडू चौकात उकिडवा बसलेला असतो आणि ‘खो’ मिळताच एका झटक्यात उठून वेग घेतो, खांबाजवळ सूर मारतो. वीस मीटर सरळ धावण्याची चाचणी त्याच्या खेळाच्या कोणत्या भागाला लागू पडते? या खेळांचे स्वतःचे उंबरठे त्यांच्याच खेळाडूंवर ठरवावे लागतील. ते काम पुणे, मुंबई, सांगली, धाराशिव इथे, जिथे हे खेळ खेळले जातात तिथेच होऊ शकते.

सर्वांत नाजूक प्रश्न मुलांचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या दोन मुलांची जन्मतारीख एक असली तरी एकाच्या शरीराने उंचीची झेप घेतलेली असते, दुसऱ्याची अजून यायची असते. चाचणीच्या दिवशी मेडिसिन बॉल लांब फेकणारा आणि तीस मीटर आधी पोहोचणारा बहुधा पहिलाच असतो. चाचणी अचूक असते, मोजले जाते ते मात्र वाढीचे वेळापत्रक. परदेशातील काही फुटबॉल अकादमींनी म्हणून जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार मुलांचे गट पाडून सामने खेळवले. आपल्या निवड शिबिरांत एवढे करता आले नाही तरी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. चाचणीत मागे पडलेल्या मुला-मुलीच्या गुणांशेजारी त्या दिवशीची उंची लिहून ठेवावी, आणि सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा मैदानावर बोलवावे.